मलिक अंबरच्या वाटेवर, सायकलने

भडकल गेट ते खुलताबाद. सुमारे सव्वीस किलोमीटर, एक घाट आणि एका माणसाचं अख्खं आयुष्य

येत्या रविवारी सकाळी साडेपाचला भडकल गेटला या. सायकल कुठलीही चालेल. गिअरची असेल तर घाटात बरं पडेल, नसेल तर घाटात उतरून ढकलायची, त्यात लाज कसली? पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, पंक्चरचं किट घ्या. आणि या वेळी रीलसाठी नाही, एका माणसाला भेटायला चाललोय एवढं डोक्यात ठेवा. तो माणूस जाऊन चारशे वर्षं झाली. तुम्ही ज्या शहरात शिकता, ज्या शहरात हॉस्टेलची फी भरता आणि नळाला पाणी कधी येणार याची वाट बघता, ते शहर त्याने वसवलं.

निघायच्या आधी एक लांबची गोष्ट. इंग्लंडमध्ये हिरव्या, गोलसर टेकड्यांवरून मातीच्या वाटा जातात. गावागावांना जोडणाऱ्या, मुळात घोडेस्वारांसाठीच्या. त्यांना तिकडे ब्रायडलवे म्हणतात. १९६८ साली तिथे एक कायदा झाला आणि या घोडवाटांवर सायकलवाल्यांना जायचा हक्क मिळाला. अट एकच, घोडा किंवा चालणारा माणूस समोर आला तर त्याला आधी वाट द्यायची. आज जगभरातले माउंटन बाइकवाले तिथे जातात. साउथ डाउन्स वे नावाची तिथली एक वाट तर सुमारे १६० किलोमीटरची आहे. वाट तीच, फक्त टापांच्या जागी टायर आले.

आपल्याकडे तसा कायदा नाही, वाटेवर पाट्याही नाहीत. पण घोडवाटांचं म्हणाल तर आपल्या शहराभोवतीच्या टेकड्यांनी जेवढे घोडे बघितलेत तेवढे क्वचित कुणी बघितले असतील. आणि त्या घोड्यांना या टेकड्यांत कसं पळवायचं, हे ज्याला सगळ्यात चांगलं कळलं होतं, तो इथला नव्हताच. तो आफ्रिकेतून आला होता. स्वतःहून नाही, विकला जाऊन.

पहिला थांबा : भडकल गेट

अजून अंधार आहे. बाबासाहेबांच्या पुतळ्याला नमस्कार करून मागे वळा आणि दरवाजाकडे नीट बघा. आपल्या शहराला दरवाजांचं शहर म्हणतात, पण बाकीचे बरेचसे दरवाजे नंतरचे. हा १६१२चा. मुघलांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून मलिक अंबरने बांधलेला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या अठरा वर्षं आधीचा, ताजमहालाच्याही आधीचा. इतक्या वेळा याच्या बाजूने गाडी काढली असेल, कधी वर बघितलंय? उंच कमान, जाड दगड, नक्षीचा फार सोस नाही. बांधणाऱ्याचा स्वभावही साधारण तसाच होता.

तो जन्मला १५४८च्या सुमारास, इथिओपियात. नाव चापू. घरची गरिबी, आजूबाजूला लढाया आणि गुलामांचा धंदा जोरात. लहान असतानाच तो विकला गेला. तांबड्या समुद्रापलीकडच्या अरबस्तानातल्या बाजारात एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. हात बदलत तो बगदादला मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे पोचला.

इथे त्याच्या आयुष्याला पहिलं वळण लागलं. मीर कासिमने पोराची हुशारी ओळखली, त्याला शिकवलं, हिशेब आणि कारभार दाखवला. त्याचं नावही बदललं. चापूचा अंबर झाला. पण गैरसमज नको. शिकवलेला गुलामही गुलामच असतो, फक्त त्याची किंमत वाढते. पुढे १५७०च्या दशकाच्या सुरुवातीला अंबर दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं.

हा चंगीझखान म्हणजे तो मंगोल नव्हे. हाही हबशी, आणि हाही एकेकाळचा गुलाम! विचार करा, पंचविशीच्या आतबाहेरचा अंबर पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहिला असेल. आपल्याच रंगाचा, आपल्याच मुलखातला, आपल्यासारखाच विकला गेलेला माणूस एका राज्याचा कारभार बघतोय. आपल्यासारख्या कुणालातरी मोठ्या खुर्चीत बसलेलं बघितलं की डोक्यात काय होतं, हे गावाकडून शहरात शिकायला आलेल्या पोरापोरींना वेगळं सांगायला नको.

चला. मिल कॉर्नरवरून छावणीकडे काढा सायकली.

पडेगाव, मिटमिटा : दीडशे घोडे

छावणी मागे पडली की पडेगाव, मग मिटमिटा. सकाळी लवकर आलात तर ट्रकची गर्दी कमी असते. तरीही एकामागे एक चालवा, शेजारीशेजारी गप्पा मारत नको.

चंगीझखान फार वर्षं जगला नाही. अंबर आल्यावर काही वर्षांतच त्याचा मृत्यू झाला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. विशी उलटलेला अंबर आता स्वतःचा मालक होता. हातात काय? तलवार चालवता येते, हिशेब येतो, चार भाषा कानावरून गेल्यात. घर नाही, जहागीर नाही, नातेवाईक नाहीत. त्याने लग्न केलं, बायकोचं नाव करीमा. मग वीस वर्षं तो या दरबारातून त्या दरबारात भाड्याने लढत राहिला. बिजापूरच्या आदिलशाहीत त्याला मलिक हा किताब मिळाला. पण किताबाने घोड्यांना दाणा मिळत नाही. आपल्या स्वारांचा खर्च निघेना तसा तो १५९५च्या सुमारास पुन्हा निजामशाहीत आला. तेव्हा त्याच्याजवळ दीडशे स्वार होते.

त्या वेळी त्याचं वय सत्तेचाळीसच्या आसपास. बाविसाव्या वर्षी प्लेसमेंट झाली नाही म्हणून आयुष्य संपलं असं वाटणाऱ्यांनी हा आकडा जरा लक्षात ठेवा. ज्या कामासाठी मलिक अंबरचं नाव राहिलं, ते सगळं त्याने या वयानंतर केलं.

वेळ मात्र वाईट होती. अकबराची फौज अहमदनगरच्या दारात होती. चांदबीबीने किल्ला एकदा वाचवला, पण १६०० साली तो पडला आणि चांदबीबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. निजामशाही संपली असंच सगळ्यांनी धरलं. अंबरने धरलं नाही. निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून त्याने परांड्याला त्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. परांडा म्हणजे आत्ताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. राजधानी गेली, खजिना गेला, पण एक छत्री उभी राहिली. तिच्याखाली माणसं जमू लागली. दीडशेचे काही वर्षांत हजारो झाले.

ही माणसं कोण होती? काही हबशी, काही दख्खनी मुसलमान आणि फार मोठ्या संख्येने मराठे. तुम्ही आत्ता ज्या रस्त्यावर आहात, तोच पुढे वेरूळला जातो. वेरूळ हे भोसल्यांचं गाव. मालोजीराजे आणि पुढे शहाजीराजे याच निजामशाहीचे सरदार. तेव्हाची फौज अशी मिसळीसारखी होती, सगळं एका ताटलीत. आज आपण इतिहासाच्या ज्या नीट रंगवलेल्या खोल्या करून ठेवल्यात, त्यात ही फौज कुठेच मावत नाही.

शरणापूरच्या पुढे : हलकं सामान

शरणापूर फाट्यावरून दौलताबादकडे वळलात की समोर किल्ल्याचा सुळका दिसायला लागतो. इथून पुढे एखादी मातीची वाट दिसली तर थोडा वेळ डांबर सोडा. शेत तुडवू नका, बांधावरून जाऊ नका, बैलगाडीची वाट असेल तिथूनच जा. मुरूम, मधेच काळा दगड, बाभळी आणि जमिनीलगत सराटे. सराट्याचा काटा टायरमध्ये घुसला की कळतं, या मुलखाला हलक्यात घेऊन चालत नाही.

याच जमिनीवर मलिक अंबरची युद्धाची सगळी अक्कल उभी होती. मुघल फौज म्हणजे चालतं शहर. हत्ती, तोफा, तंबू, बाजार, जनानखाना, हजारो बैलांवर धान्य. मोकळ्या मैदानात तिच्यापुढे कुणाचं चालायचं नाही. मग मैदानात जायचंच कशाला? अंबरचे स्वार हलके. खोगीर, हत्यार आणि पडशीतली भाकर. ते समोरून लढत नसत. रात्री छावणीवर तुटून पडायचे, धान्याचे तांडे लुटायचे, विहिरींवर आधी पोचायचे आणि शत्रू चिडून मागे लागला की त्याला ओढत ओढत घाटात, ओढ्यात, अरुंद खिंडीत न्यायचे. मुघल त्या जड पसाऱ्यासकट मागे यायचे आणि अडकायचे. उपाशी फौज मग न लढताच मागे फिरायची.

सायकलवर हे पटकन पटतं. पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन या वाटेवर चढून बघा आणि मग फक्त एक बाटली घेऊन चढा. वाट तीच असते, तुम्ही मात्र वेगळे असता.

समोर कोण होतं ते ऐका. दख्खनेतल्या मुघल फौजेचा एक मोठा सेनापती होता अब्दुर्रहीम खानखाना. नाव ओळखीचं वाटलं? शाळेत हिंदीच्या तासाला ज्या रहीमचे दोहे पाठ केले, तोच हा. एकीकडे प्रेमाच्या नाजूक धाग्यावर लिहिणारा कवी आणि दुसरीकडे एकेकाळचा गुलाम. दोघांनी एकमेकांना वर्षानुवर्षं झुंजवलं. रहीमच्या मुलाबरोबर नांदेडकडे झालेल्या एका लढाईत अंबर जखमी होऊन पडला होता, त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेलं म्हणून वाचला. पुढे १६१०मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला मुघलांकडून परत घेतला.

तो साधुसंत होता असं मात्र समजू नका. ज्याला गादीवर बसवलं तो सुलतान आणि त्याची इराणी राणी १६१०मध्ये विषप्रयोगाने मेले. राणीने अंबरच्या मुलीचा, म्हणजे आपल्या सवतीचा अपमान केला होता आणि विषामागे अंबरच होता, असंच इतिहासकार मांडतात. त्यानंतर गादीवर एक लहान मूल बसलं आणि राज्य अंबरच्या हाती पूर्णपणे आलं. तो स्वतः कधी सुलतान झाला नाही. गादीच्या मागे उभं राहण्यात जास्त ताकद आहे, हे त्याला कळलं होतं.

दौलताबाद : चहा आणि पाणी

किल्ल्याच्या दारात थांबा, टपरीवर चहा घ्या. पावसाळा संपता संपता आलात तर रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या दिसतील, इथली सीताफळं नावाजलेली आहेत. तुम्ही ज्या बाहेरच्या तटबंदीतून आत आलात, तिला अंबरकोट म्हणतात. नाव कुणावरून, ते आता सांगायला नको.

चहा पिता पिता मागे वळून शहराच्या दिशेने बघा. १६१०मध्ये तिथे खडकी नावाचं छोटं गाव होतं. नावातच जमीन आली, खडकाळ. अंबरने तिथे राजधानी वसवायचं ठरवलं. पाठीशी दौलताबादसारखा किल्ला, बाजूला डोंगर, उत्तरेतून येणाऱ्या वाटांवर नजर. जागा उत्तम, एकच अडचण. पाणी. खाम नदी म्हणावी तर उन्हाळ्यात काय असते, तुम्ही बघताच.

मग त्याने जे केलं, ते मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठं वाटतं. शहराच्या उत्तरेला, हर्सूलकडे, डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत झिरपलेलं पाणी असतं. अंबरने ते जमिनीच्या पोटातच गाठलं आणि भुयारी नहरीतून उताराने शहरात आणलं. ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवली. हवा खेळती राहावी, कुणीतरी उतरून गाळ काढावा म्हणून. वर उघडं पाणीच नाही, त्यामुळे ते उन्हाने आटत नाही आणि शत्रूला सहज सापडत नाही. पंप नाही, मोटर नाही, वीजबिल नाही. फक्त उतार. हीच नहर-ए-अंबरी.

भुयारी पाण्याची ही विद्या इराण आणि अरबस्तानात जुनी. बगदादमध्ये वाढलेल्या पोराने ती तिकडे बघितली असणार, असा अंदाज बांधायला हरकत नाही. गंमत बघा, ज्या प्रवासाने त्याचं घर हिरावलं, त्याच प्रवासाने आपल्याला पाणी दिलं. पाणचक्कीही अंबरचीच असं बरेच जण समजतात. ती नंतरची, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी जोडलेली. तिचं पाणीही असंच डोंगराकडून जमिनीखालून येतं. म्हणजे अंबर गेला, पण त्याने दाखवलेली वाट शहराने सोडली नाही.

उतार किती द्यायचा, हे या सगळ्यातलं खरं कसब. जास्त दिला तर पाणी जोरात येऊन बांधकाम खातं, कमी दिला तर तुंबतं. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या रस्त्यात चढ आहे की उतार, हे दुचाकीवाल्याला कधी कळत नाही. सायकलवाल्याच्या मांड्यांना लगेच कळतं. एखाद्या दिवशी हर्सूल तलावाकडून शहराकडे सायकलने या. पॅडल न मारता चाकं कुठे कुठे आपोआप फिरतात ते बघा. त्या माणसांनी हीच जमीन पावलांनी मोजली होती.

शेतीचंही त्याने तसंच केलं. जमीन मोजली, कस बघून प्रत ठरवली आणि पीक बघून सारा लावला. आधी धान्यात, मग रोखीत. ठेकेदारांच्या हातातून वसुली काढून गावच्या पाटलाकडे दिली. मलिकंबरी म्हणून ही पद्धत पुढे कितीतरी वर्षं महाराष्ट्रात नावाने ओळखली जात होती. रात्रंदिवस युद्ध चालू असताना शेतकरी टिकला तरच फौज टिकेल, हे साधं गणित त्याला उमगलं होतं.

१६१७मध्ये पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा एक डच व्यापारी त्याच्या छावणीत येऊन गेला. त्याने उंच, धिप्पाड, करारी चेहऱ्याच्या माणसाचं वर्णन लिहून ठेवलंय. मुलखात शिस्त कडक होती, दारू पिणाऱ्याची खैर नव्हती, आणि तरी लोकांचा त्याच्यावर जीव होता, असंही त्याच्या नोंदीतून दिसतं.

घाट : जळालेलं शहर

आता घाट. दौलताबाद सोडलं की वळणं सुरू होतात आणि वाटेत जुना दगडी दरवाजा लागतो. हलका गिअर टाका, श्वास मोजा, पुढच्याचं चाक बघत बसू नका. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला याच रस्त्याने हजारो माणसं भद्रा मारुतीला रात्रभर पायी जातात. ती पोचतात, तुम्हीही पोचाल.

अंबरचा घाट १६१६मध्ये आला. लखुजी जाधवरावांसारखे काही मोठे सरदार मुघलांना जाऊन मिळाले. रहीमचा मुलगा शाहनवाजखान चालून आला. जालन्याजवळ रोशनगावला लढाई झाली आणि आयुष्यभर मैदानातली लढाई टाळणारा अंबर मैदानात हरला. मुघल पुढे खडकीत घुसले. सहा वर्षांपूर्वी वसवलेलं शहर त्यांनी लुटलं, जाळलं.

तो तेव्हा अडुसष्टच्या घरात होता. त्याने शहर पुन्हा उभं केलं. पुढच्या वर्षी शहजादा खुर्रम आला, त्याच्याशी तह करून बराच मुलूख द्यावा लागला. याच मोहिमेनंतर खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला. मुघलांची पाठ फिरली तसा अंबरने गेलेला मुलूख पुन्हा घ्यायला सुरुवात केली. १६२१मध्ये शाहजहान परत आला. या वेळी अंबरने सुलतानाला आणि त्याच्या कुटुंबाला आधीच देवगिरीच्या किल्ल्यात हलवलं होतं. खडकी मात्र दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाली. पुन्हा तह, पुन्हा खंडणी, पुन्हा बांधकाम.

तिकडे बादशहा जहांगीर इतका कावला होता की आपल्या आठवणींत अंबरचं नाव तो धड घेतच नाही, नावाला त्याच्या रंगावरून एखादी शिवी जोडल्याशिवाय त्याला राहवत नाही. त्याच्या दरबारी चित्रकाराने, अबुल हसनने, एक चित्र काढलं. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. आज ते चित्र आयर्लंडमध्ये डब्लिनच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबरचं डोकं शेवटपर्यंत धडावरच राहिलं. ज्याला हरवता येत नाही त्याला चित्रात मारायचं, ही सवय आजची नाही. हल्ली आपण त्याला ट्रोलिंग म्हणतो.

आणि मग १६२४, भातवडी. अहमदनगरजवळचं गाव. समोर मुघल आणि बिजापूरची आदिलशाही, दोन्ही फौजा एकत्र. अंबर पंचाहत्तरीच्या पुढे. त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजीराजे. अंबरने भातवडीच्या तलावाचं पाणी सोडलं. शत्रूची छावणी चिखल झाली, तोफा रुतल्या, हत्ती अडले, दाणागोटा तुटला, वर रोज रात्री छापे. माणसं फुटून अंबरकडे यायला लागली. शेवटी एकच घाव घातला आणि दोन्ही फौजा उधळल्या. या लढाईत शरीफजीराजे कामी आले.

ज्या माणसाने एक शहर पाण्यावर वसवलं, त्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाईही पाण्याने जिंकली. शहाजीराजे तेव्हा तरुण होते. त्यांनी काय काय बघितलं असेल! डोंगराचा आधार, हलके घोडे, जनतेची शेती, गनिमी कावा. सहा वर्षांनी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. स्वराज्य ही महाराजांची स्वतःची निर्मिती, त्यात वाद नाही. पण शिवकाळात लिहिलेल्या शिवभारत या काव्यातही मलिक अंबरचं नाव मानाने येतं. तेव्हाच्या माणसांना जे मोकळेपणाने कबूल करता येत होतं, ते आपल्याला का जड जातं?

खुलताबाद : शेवटचा थांबा

कागजीपुरा मागे पडला की थोडाच रस्ता उरतो. इथे हातकागद बनवणारी घरं आहेत, परतताना जरूर थांबा. खुलताबादच्या वेशीत शिरलात की कुणालाही विचारा, मलिक अंबरचा मकबरा कुठंय. पहिला माणूस कदाचित औरंगजेबाच्या कबरीकडे बोट दाखवेल. दुसऱ्याला विचारा.

काळ्या दगडाची घुमटाची इमारत. जवळच बीबी करीमाची कबर. गर्दी नाही, तिकिटाची रांग नाही. वाऱ्याचा आवाज आणि तुमच्या सायकलींच्या चेनचा आवाज. १४ मे १६२६ला तो गेला, वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. ऐन उन्हाळा, या डोंगरावरचं गवत पिवळं झालं असेल. तो मेल्यावर जहांगीरच्याच दरबाराच्या इतिहासात त्याच्या युद्धकलेची, कारभाराची आणि न्यायाची मोकळेपणाने स्तुती लिहिली गेली. जिवंतपणी शिव्या आणि मेल्यावर कौतुक.

त्याच्यामागे राज्य टिकलं नाही. मुलगा फत्तेखान याने खडकीला फत्तेनगर नाव दिलं, पण १६३३मध्ये दौलताबादचा किल्ला त्याच्या हातून मुघलांकडे गेला आणि १६३६ला निजामशाही बुडाली. शहजादा औरंगजेब सुभेदार म्हणून आला, शहर औरंगाबाद झालं. आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. चार नावं, आणि चारपैकी एकातही मलिक अंबर नाही. त्याने शहराला स्वतःचं नाव दिलंच नव्हतं. गावाचं होतं तेच राहू दिलं होतं.

नावांवरून आपण खूप भांडलो. पण त्याने जे खरोखर ठेवलं, त्याच्यासाठी कोण भांडतंय? नहरीची कित्येक तोंडं बुजली, कित्येकांवर घरं आली, कुठे गाळ, कुठे कचरा. शहर मोठं झालं, पाणी लांबून, पैठणच्या जायकवाडीतून, पंपाने वर चढवून आणावं लागतं. चारशे वर्षांपूर्वीच्या नहरीने आजच्या लाखोंच्या शहराची तहान भागणार नाही, हे मान्य. पण तुमच्यात सिव्हिलची पोरंपोरी आहेत, भूगोलाची आहेत, जिऑलॉजीची आहेत, इतिहासाची आहेत. नहरीचं एक तोंड शोधून त्याचा नकाशा काढणं, फोटो, मापं नोंदवणं, हा कुठल्याही कॉपी-पेस्ट प्रोजेक्टपेक्षा भारी प्रोजेक्ट होईल. सायकल तर आहेच तुमच्याकडे. फक्त आत उतरू नका, एकट्याने तर नाहीच. बंद भुयारात हवा खराब असते.

मकबऱ्याच्या पायरीवर जरा वेळ बसा. तुमच्यातले कितीतरी जण परभणीहून, हिंगोलीहून, बीडहून, कन्नड-सिल्लोडच्या वाड्यावस्त्यांवरून या शहरात आलेत. कुणी रूमवर राहतं, कुणाला भाषेवरून टोमणे बसतात, कुणाला आडनावावरून. हे शहर आपलं आहे की नाही, असा प्रश्न कधीतरी रात्री पडतोच. मग या दगडाखालच्या माणसाला आठवा. त्याला कुणी विचारून इथे आणलं नव्हतं. त्याचं मूळचं नावही त्याच्याकडे ठेवलं नव्हतं. त्याने या मातीत वाटा शोधल्या, पाणी शोधलं, दोनदा जळलेलं शहर पुन्हा बांधलं आणि इथेच राहिला. गाव कुणाचं, हे जन्माच्या दाखल्यापेक्षा तिथे काय केलंत त्यावरून ठरतं. निदान त्याच्या बाबतीत तरी तसंच ठरलं.

आता उठा, ऊन वाढतंय. उताराला घाटात ब्रेक दाबून धरू नका, थोडा थोडा मारा, दोन्ही चाकांचे मिळून. समोरून भद्रा मारुतीला पायी निघालेलं कुणी आलं तर आधी त्याला वाट द्या. इंग्लंडच्या घोडवाटांवरचा तो एक नियम आपल्याकडे कायदा नसतानाही पाळता येतो.

जाताना एवढं ध्यानात ठेवा

• निघायची वेळ सूर्योदयाआधीची. मार्च ते मे जमलंच तर नऊच्या आत परत या. जून सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम, पण पावसात घाटातली वळणं निसरडी होतात.

• हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवाच. पहिले पंधरा किलोमीटर वाहनांचा रस्ता आहे.

• जास्तीची एक ट्यूब ठेवा. सराटे आणि बाभळीचे काटे कुणाची ओळख बघत नाहीत.

• दगडांवर, तटावर नावं कोरू नका. ज्याने अख्खं शहर वसवलं त्यानेही त्याला आपलं नाव दिलं नव्हतं.